डर्ट बाईकसाठी जुनी व्हॅन बघताना

अमेरिकेत डर्ट बाईक (कच्च्या रस्त्यावर चालवायची मोटरसायकल) न्यायला जुनी फोर्ड ट्रान्झिट व्हॅन घेताय? रंग, सीट नंतर बघा. आधी गाडीखाली वाका. 2015 ते 2017 च्या ट्रान्झिटमध्ये मागच्या चाकांना फिरवणाऱ्या शाफ्टचं रबरी कपलिंग (जोड) तडकायचं, म्हणून कंपनीने 2017 मध्ये रिकॉल काढला होता, म्हणजे गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या होत्या. रबरावर भेगा असतील किंवा वेग घेताना खालून थरथर जाणवली, तर आधी दुरुस्ती, मगच पैसे. रिकॉलचं काम बाकी आहे का, ते एनएचटीएसए या अमेरिकेच्या सरकारी रस्ते-सुरक्षा संस्थेच्या साइटवर व्हीआयएन (गाडीचा ओळख क्रमांक) टाकून फुकटात कळतं. मोटोक्रॉस बाईक (शर्यतीची डर्ट बाईक) साधारण 2.2 मीटर लांब, तेव्हा मागची जागा मोजायला टेप सोबत न्या. आणि हो, मागच्या तळावरचं प्लायवुड उचलायला लावा. विकणारा कुरकुरेल, पण गंज तिथेच लपलेला असतो.