डिस्क ब्रेकचे पॅड निवडताना

माउंटन बाइकसाठी नवे ब्रेक पॅड घ्यायला जाताना जुना पॅड काढून सोबत न्यावा, कारण पॅडचा आकार कॅलिपरच्या, म्हणजे पॅड धरून ते चकतीवर दाबणाऱ्या भागाच्या, मॉडेलनुसार बदलतो आणि एकाच कंपनीचे पॅडही परस्परांना बसतीलच असे नाही. रोटरवरील, म्हणजे चाकासोबत फिरणाऱ्या ब्रेकच्या चकतीवरील, बारीक अक्षरेही वाचावीत. शिमानो या सायकलचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीच्या काही रोटरवर ‘रेझिन पॅड ओन्ली’ (फक्त रेझिनचे, म्हणजे राळेसारख्या पदार्थाने बांधलेले पॅड) असे लिहिलेले असते आणि त्यांवर सिंटर्ड, म्हणजे धातूच्या भुकटीपासून बनवलेले पॅड लावल्यास रोटर झपाट्याने झिजतो. रोटरला चालत असतील, तर पावसाळ्यात सह्याद्रीतील चिखलवाटा उतरणाऱ्यांनी सिंटर्डच घ्यावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यांचा आवाज थोडा जास्त येतो, पण ओल्या चिखलात ते रेझिनपेक्षा बरेच अधिक टिकतात. बसवताना पॅडच्या घर्षणाच्या बाजूला तेलकट बोट मुळीच लागू देऊ नये.