आयटीआयमध्ये बिघाड शोधायला शिकवताना एआय वापरता? मग या चुका टाळा

बेळगावात उद्यमबागेतल्या मशीन शॉपमध्ये किंवा मच्छेकडच्या एखाद्या कारखान्यात आयटीआयचं पोरगं अप्रेंटिस म्हणून लागलं की थोड्याच दिवसांत कळतं, त्याला बिघाड शोधता येतो की नाही. थिअरी पाठ असते, फायलिंगही (कानशीनं घासणं) छान असतं. पण मशीन अडलं की पहिला हात मोबाईलकडे जातो. मोबाईल वर्कशॉपच्या बाहेर ठेवा, असं मी म्हणणार नाही. एआय नीट वापरलं तर शिकवायला खूप उपयोगी पडतं. गडबड होते ती क्रमात.

मशीनच्या आधी मोबाईल

सगळ्यात जास्त नुकसान या चुकीनं होतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो. शेतातल्या थ्री फेज पंपाची मोटर घ्या. चिकोडी-निपाणीच्या पोरांच्या घरचाच विषय आहे हा. मोटर नुसती गुणगुणते, फिरत नाही. एआयला एवढंच सांगितलं तर ते भराभर कारणं देतं: फ्यूज, स्टार्टर, बेअरिंग, वाइंडिंग, पंप जाम. यादी चुकीची नसते. पण यातलं आधी काय बघायचं, हे पोराला ठरवता आलं पाहिजे. खरं कौशल्य तेच.

अशी मोटर आधी बंद करायची, नाहीतर वाइंडिंग जळतं. मग एखादा फेज गेलाय का ते बघायचं, कारण त्यासाठी मोटर खोलावी लागत नाही. बेअरिंगपर्यंत जायचं ते शेवटी. इथं एक फसवी जागा आहे. मोटर जोडलेली असताना एक फ्यूज उडाला, तरी त्याच्या पलीकडच्या टोकावर टेस्टर लागतो, कारण वाइंडिंगमधून फिरून व्होल्टेज तिथं पोचलेला असतो. पोरगं म्हणतं, "सर, तिन्ही फेज आहेत की!" आणि स्टार्टर खोलत बसतं. मेन स्विच बंद करून, फ्यूज काढून कंटिन्युइटी (आतली तार अखंड आहे का) बघितली की प्रश्न मिटतो. चालू लाइनवर मल्टिमीटर फ्यूजच्या दोन टोकांना लावला तर चांगला फ्यूज जवळजवळ शून्य दाखवतो आणि उडालेला साडेतीनशे व्होल्टच्या आसपास. पण ही तपासणी निदेशक, म्हणजे आयटीआयचे शिक्षक, शेजारी उभे असतील तरच, आणि क्षणभरच.

म्हणून नियम करा: एआयला विचारण्याआधी वहीत चार ओळी. लक्षण काय, मी काय बघितलं, काय मोजलं, माझा अंदाज काय. वही कोरी असेल तर मोबाईल खिशातच.

अर्धवट प्रश्न

"४० मिलिमीटर व्यासाचा माइल्ड स्टीलचा जॉब आहे, आरपीएम किती ठेवू?" एआय कार्बाइड टूल (जास्त वेग सोसणारं) गृहीत धरून आठशेच्या घरातला आकडा देऊ शकतं. पोराच्या हातात असतं एचएसएसचं, म्हणजे हायस्पीड स्टीलचं टूल. मिनिटाला २५ मीटर कटिंग स्पीड धरली तर १००० गुणिले २५, भागिले ३.१४ गुणिले ४०, म्हणजे सुमारे २०० आरपीएम. चौपट वेगानं फिरवलं की टूलचं टोक निळं पडतं आणि धार जाते. अशा वेळी "एआय चुकतं" एवढं बोलून सोडून देऊ नका. आधी कागदावर गणित करून घ्या, मग एआयचा आकडा शेजारी लिहायला लावा आणि फरक का पडला, ते पोरालाच सांगू द्या. टूलचा प्रकार आपण सांगितलाच नव्हता, हे त्याला स्वतःला सापडलं की पुढच्या वेळी तो प्रश्न पूर्ण विचारतो.

फोटोवर निदान

ओतकामात हे फार चाललंय. कास्टिंगवरच्या भोकाचा फोटो टाकायचा आणि उत्तर मागायचं. भोक आतून गुळगुळीत, गोलसर असेल तर संशय वायूवर: साच्याच्या वाळूत ओल जास्त, व्हेंट (वायू जायची भोकं) कमी, कोर (पोकळीसाठी आत ठेवलेला वाळूचा गाभा) नीट भाजलेला नाही. आतून खडबडीत, दातेरी असेल तर धातू आकसण्यावर, म्हणजे रायझर (आकसताना जादा धातू पुरवणारी साच्यातली जागा) बघायचा. हा फरक बऱ्याचदा कास्टिंग फोडून, बोट लावूनच कळतो. आपल्याकडच्या पावसाळ्यात वाळूची ओल तर रोजच तपासायला हवी, आणि ती फोटोत दिसत नाही.

निदेशकांची चूक: फक्त उत्तराला मार्क

पॅनेल बोर्डवर मुद्दाम बिघाड टाका. मेन बंद करून एखादं टर्मिनल ढिलं करा, नाहीतर उडालेला फ्यूज बसवा. बोर्ड कमी असतील तर एआयलाच बिघडलेली मोटर बनवा. त्याला सांगा: "तू पंपाची थ्री फेज मोटर आहेस. तुझ्या स्टार्टरचा एक कॉन्टॅक्ट जळालाय. कारण सांगू नकोस. मी जे तपासेन तेवढ्याचंच रीडिंग दे." बिघाड मात्र तुम्हीच ठरवा आणि उत्तरांवर नजर ठेवा, कारण एआय मध्येच न जुळणारं रीडिंग देतं. पोरांना मराठीत, कन्नडमध्ये, दोन्ही मिसळून, जसं बोलतात तसं लिहू द्या.

मार्क देताना तपासणीचा क्रम बघा. तीन कारणं पुराव्यानिशी बाद करून चौथ्याशी अडलेल्या पोराला, पहिल्याच फटक्यात फ्यूज बदलून मोकळं झालेल्यापेक्षा जास्त मार्क द्या. आणि का दिले, ते दोघांनाही वर्कशॉपमध्येच, वही उघडून दाखवा.