तार बसल्यावरचे पहिले दिवस आणि दातावर दात न बसण्याचे महिने

माझ्या दातांना तार बसली तेव्हा मी 38 वर्षांची होते. सांगलीत विश्रामबागेत राहते, पाचवीला मराठी शिकवते, म्हणजे दिवसाचे पाच-सहा तास बोलणं हेच काम. तार 26 महिने होती. आता वर्गातल्या मुलींच्या आया मला दारात गाठतात. "बाई, हिला तार लावलीय, जेवतच नाही. काय करू?" त्यांना उभ्या उभ्या सांगून होत नाही, म्हणून सगळं एकदा सविस्तर लिहिते.

तारेच्या आधी आठवडाभर मागच्या दाढांच्या फटींत निळ्या रबरी कड्या घालतात. दाढेवर धातूची पट्टी चढवायला जागा हवी असते, ती या कड्या करून देतात. आंब्याचा दोर दाढेत अडकल्यावर जसं सारखं जीभ लावावंसं वाटतं, तसं त्या आठवड्यात वाटतं. काडी, टाचणी, नख काही घालू नका. कडी निखळली तर दवाखान्यात फोन करा, कारण फट परत मिटते.

आता दुखण्याबद्दल. हे दुखणं वेळापत्रक पाळतं, आणि ते वेळापत्रक आधी माहीत असलं की निम्मी भीती जाते. माझी तार मिरजेला बसवली, सकाळी अकराला. सिटी बसने परत येताना काहीच वाटत नव्हतं. घरी येऊन पोळीभाजी खाल्ली. चारच्या सुमाराला पुढचे दात जड झाले, रात्री उशीवर गाल टेकवला तरी कळायचं. दुसरा दिवस सगळ्यात वाईट गेला. तिसऱ्या दिवशी उतार पडला आणि आठवड्याच्या आत तार विसरले. पुढे दर वेळी तार बदलली की हाच क्रम, फक्त सौम्य.

उशिरा का दुखतं, तर दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. मुळाभोवती बारीक तंतूंचं आवरण असतं, त्यात तो टांगलेला असतो. तार दाताला ढकलते तेव्हा एका बाजूचं आवरण दाबलं जातं, तिथला रक्तपुरवठा कमी होतो, हळूहळू सूज येते. त्या बाजूचं हाड विरघळवणाऱ्या पेशी कामाला लागतात आणि दुसऱ्या बाजूला नवीन हाड भरत जातं. ही सूज यायला काही तास लागतात. दात सरकतो तो महिन्याला साधारण एक मिलिमीटर, म्हणून घाई करून उपयोग नसतो.

यावरून दोन गोष्टी ठरवा. एक, तारेच्या दिवशी घरातून पोटभर जेवून निघा. दोन, वेळ शनिवारची घ्या. आमची शनिवारची शाळा सकाळची असते. दुपारी तार, रविवारी दुखणं घरात, सोमवारी वर्गात उभं राहता येतं. मुलांची चाचणी परीक्षा ज्या आठवड्यात असेल तो आठवडा टाळा.

गोळी कोणती, हे आपल्या डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा. मला पॅरासिटामॉल सांगितली होती. आयब्युप्रोफेनच्या जातीच्या गोळ्या ज्या सुजेला दाबतात, त्या सुजेतूनच दात सरकत असतो, म्हणून त्या स्वतःच्या मनाने रोज घेत राहू नयेत. लवंगेचं तेल हिरडीला थेट लावू नका, चटका बसतो. पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून दिवसातून तीन-चार वेळा चुळा भरणं हा माझा सगळ्यात खात्रीचा उपाय. आणि माठातलं गार पाणी. सुरुवातीच्या तारा निकेल-टायटॅनियमच्या असतात, त्यांतल्या काही तोंडाच्या उबेने ताठ होतात आणि गार पाण्याने थोडा वेळ सैलावतात. घोट तोंडात धरून ठेवला की आराम पडतो, हे मी अनुभवाने सांगते.

गाल आणि ओठ सोलवटतात, त्यासाठी मेण देतात. "मेण टिकतच नाही" असं म्हणणाऱ्या बहुतेकांनी ते ओल्या ब्रॅकेटवर, म्हणजे तार अडकवायला दातावर चिकटवलेल्या छोट्या चौकटीवर, लावलेलं असतं. आधी ओठ बाजूला ओढून ब्रॅकेट कापसाने किंवा रुमालाच्या टोकाने कोरडं करा. वाटाण्याएवढं मेण बोटांत वळा, ऊब लागून मऊ होऊ द्या, मग दाबून बसवा आणि कडा अंगठ्याने आत दुमडा. मी मधल्या सुट्टीत शिक्षक खोलीच्या खिडकीच्या काचेत बघून हे करायचे. एखादा तुकडा गिळला गेला तर काही होत नाही. जेवताना मात्र काढून ठेवा. दोन-तीन आठवड्यांत गालाची आतली कातडी राठ होते आणि मेणाची डबी पर्समध्ये पडून राहते.

खाण्याचं मला सासूबाईंनी सोडवून दिलं. मी दुसऱ्या दिवशी भाताच्या पेजेवर बसले होते. त्या म्हणाल्या, "अगं, भाकरी कुस्कर, वर गरम आमटी ओत आणि झाकून ठेव. पाच मिनिटांनी खा." ज्वारीची भाकरी ताजी, पापुद्रा काढून कुस्करायची, आमटी पातळ हवी. झाकण काढल्यावर ती चमच्याने तुटते, दातांना काही करावंच लागत नाही. पोट भरतं आणि तोंडाला चवही राहते. मेतकूट-भात, मुगाची खिचडी, लाल भोपळ्याची भाजी, शिकरण, ताकातली आंबील यांवर चार दिवस सहज निघतात. मुलं दूध-बिस्किटांवर राहतात, ते करू देऊ नका. बिस्किटाचा लगदा तारेखाली बसतो आणि दात किडतात.

ऊस, कणीस, चिक्की, भाजलेले फुटाणे पूर्ण बंद. तासगावचे बेदाणे चिकटतात, हवेच असतील तर भिजवून. सांगलीत राहून भडंग सोडणं कठीण आहे, मला माहीत आहे. तिसऱ्या महिन्यात पाहुणे आले होते, मी मूठभर भडंग खाल्लं आणि एका खमंग शेंगदाण्याने खालच्या डाव्या उपदाढेवरचं ब्रॅकेट सुटलं. ते परत चिकटवून तो दात पुन्हा रांगेत येईपर्यंत माझा जवळजवळ महिना गेला.

हळदीचंही सांगते. ब्रॅकेटवर तार धरून ठेवायला छोटी रबरं लावतात. मी दिसू नयेत म्हणून पारदर्शक घेतली. आपल्या हळदीच्या गावात ती दोन आमट्यांत पिवळीजर्द झाली. राखाडी किंवा गडद रंगाची घ्या.

हे सगळं सोपं. खरं अवघड पुढे येतं आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही, ते म्हणजे दातावर दात न बसणं.

माझे वरचे दात खालच्यांना पार झाकायचे. वरच्या दातांचा मार खालच्या ब्रॅकेटवर बसू नये म्हणून डॉक्टरांनी मागच्या दोन दाढांवर निळ्या सिमेंटचे उंचवटे चढवले. तोंड मिटलं की फक्त तेवढे दोन ठिपके टेकायचे, बाकी सगळीकडे फट. मेथीची भाजी तुटेना, पानं तशीच घशाशी जायची. त्या काळात पालेभाजी अगदी बारीक चिरून, डाळ घालून घोटून घ्या आणि घास नेहमीच्या निम्मा करा.

बोलण्यातही फरक पडला. "चहा"मधला च ठीक यायचा, पण "चमचा"मधला च आणि "जहाज"मधला ज शिटीसारखा निसटायचा, कारण त्याला दातांचा आडोसा लागतो. मी रोज रात्री दहा मिनिटं पाठ्यपुस्तकातला धडा मोठ्याने, सावकाश वाचायचे. दोन आठवड्यांत जीभ नवीन जागा शिकली. मुलांना घरी असंच वाचायला बसवा, शाळेत प्रकट वाचनाला ती लाजणार नाहीत.

सकाळी कानापुढे जबडा दुखायचा. याचं कारण मला उशिरा कळलं. मी दिवसभर नकळत जुनी बैठक शोधत होते, खालचा जबडा पुढे-मागे करून कुठे दात जुळतात ते चाचपत होते. ती बैठक आता राहिलेलीच नसते, ती शोधू नका. ओठ मिटलेले, दात एकमेकांपासून सुटे, जीभ टाळूला, ही विश्रांतीची जागा आहे. मी फळ्याच्या कोपऱ्यात एक छोटा ठिपका काढून ठेवला होता. तो दिसला की दात सुटे करायचे. गरम पाण्यात पिळलेला रुमाल दहा मिनिटं जबड्यावर धरला की स्नायू सैल पडतात.

पाचव्या महिन्यात पुढचे दात सुरेख सरळ झाले आणि डाव्या दाढा एकमेकींना लागेनात. त्या रात्री मी आरशासमोर रडले. पैसे गेले आणि चावणंही गेलं, असं वाटलं. डॉक्टरांनी समजावलं ते मी माझ्या भाषेत सांगते. प्रार्थनेला मुलांच्या दोन रांगा समोरासमोर उभ्या करायच्या असतील तर आधी प्रत्येक रांग स्वतःत सरळ करावी लागते. तेव्हा समोरच्या रांगेशी जोड्या जुळत नाहीत. रांगा सरळ झाल्यावर अख्खी रांग सरकवून जोड्या जुळवतात. बारीक गोल तारा रांग सरळ करतात. जाड चौकोनी तारा आणि वर-खाली अडकवायची रबरं जोड्या जुळवतात.

तेव्हापासून मी एक वही ठेवली. महिन्याच्या ठरलेल्या तारखेला, त्याच खिडकीपाशी तीन फोटो काढायचे: समोरून, डावीकडून, उजवीकडून, मागचे दात टेकवून. खाली एक ओळ लिहायची. "उजवा सुळा आधी लागतो." "डावी दाढ, फट नखाएवढी." डॉक्टरांना "काहीतरी विचित्र वाटतंय" सांगण्यापेक्षा ही ओळ वाचून दाखवली की ते लगेच तिथेच बघतात.

वर-खाली अडकवायची ही रबरं डॉक्टर सांगतील तेवढे तास घाला. मला 22 तास सांगितले होते, म्हणजे जेवण आणि ब्रश सोडून सगळा वेळ. ताण जातो म्हणून रोज नवी. पहिले तीन दिवस जबडा ठणकतो, मग थांबतो. दोन दिवस काढून ठेवली तर ते तीन दिवस पहिल्यापासून सुरू होतात. चुकलेले तास भरून काढायला दुहेरी रबर लावू नका, मुळांवर नको तेवढा ताण येतो.

दात थोडे हलणं साहजिक आहे. पण बाकीचे शांत झाले आणि एकच दात ठणकत राहिला, आठवड्यानंतर दुखणं वाढत चाललं, एखादा दात शेजाऱ्यांपेक्षा फारच हलायला लागला, हिरडीला सूज येऊन ताप आला, जबडा अडकला किंवा तारेचं टोक मेणानेही झाकेना, तर पुढच्या तारखेची वाट बघू नका.

तार निघाल्यावर जुळणी आणखी काही महिने बारीक बारीक बदलत राहते. दात परत सरकू नयेत म्हणून रात्री घालायचा साचा, म्हणजे रिटेनर, मी पाण्याच्या तांब्याशेजारी डबीत ठेवते, झोपण्याआधी हात तिथेच जातो. एखाद-दोन रात्री राहून गेल्या तर तो घट्ट लागतो, तरी बसत असेल तर तसाच घाला. बसतच नसेल तर जोर लावू नका, सकाळी फोन करा.