मार्च-एप्रिलची सुकवणी: स्ट्रॉबेरी आणि कैरी (सुरगाणा-पेठ पट्टा)

मार्च लागला की बोरगाव-सापुतारा रस्त्यावर सकाळचा आणि संध्याकाळचा भाव एक राहत नाही. सकाळी ताठ असलेली स्ट्रॉबेरी दुपारच्या उन्हात नरमते, आणि हंगाम सरताना फळही बारीक येतं. संध्याकाळी ते मिळेल त्या भावात देऊन टाकण्यापेक्षा सुकवायला घ्या. पण फक्त नरमलेलं घ्यायचं. बुरशी लागलेलं, पाणी सुटलेलं फळ फेकूनच द्या, एका फळाने अख्खा ट्रे जातो.

आधी हिशेब. चार किलो द्राक्षांचा साधारण एक किलो बेदाणा होतो, हे निफाड-दिंडोरीत कोणीही सांगेल. स्ट्रॉबेरीत नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी, त्यामुळे नुसती सुकवली तर किलोभर मालाला दहा-बारा किलो फळ जातं. समजा नरम फळ २० रुपये किलोचं धरलं, तरी कच्चा मालच दोनशे-अडीचशेचा झाला. मजुरी आणि पाकीट वेगळं. हे आकडे वहीत मांडा, गिऱ्हाईक शोधा, आणि मगच ड्रायरचं बघा. आमच्याकडे बरेच गट आधी ड्रायर आणतात आणि पुढे त्यात कांद्याच्या रिकाम्या गोणी ठेवतात.

फळ धुऊन निथळा, देठ काढा, अर्ध्या सेंटीमीटरच्या चकत्या करा. ६०० ग्रॅम साखर ४०० मिली पाण्यात विरघळवून पाक करा, गार करा, एक लिंबू पिळा आणि चकत्या रात्रभर त्यात बुडवून ठेवा. पाकामुळे फळातलं बरंच पाणी आधीच सुटतं आणि साखर आत शिरते. सकाळी चाळणीत निथळून ट्रेवर एकेरी पसरा. उरलेला लाल पाक उकळून सरबताला वापरा. सोलर ड्रायरमध्ये ५५ ते ६० अंश पुरे. घाईने ताव वाढवला की चकती वरून कडक होते आणि आत ओलीच राहते. थर्मामीटर ड्रायरच्या आत टांगा, हाताच्या अंदाजावर जाऊ नका. डोंगरात मार्चच्या रात्री अजून गार असतात. ट्रे रात्रभर उघडे राहिले तर दिवसभर घालवलेली ओल परत येते, म्हणून सूर्य कलला की माल झाकणाच्या डब्यात भरा आणि सकाळी पुन्हा पसरा.

माझा पहिला घाणा सुकवताना नाही, भरताना बिघडला. हाताला कोरडा लागला म्हणून त्याच दिवशी पाकिटं सील केली. तीन आठवड्यांत कोपऱ्याकोपऱ्यात पांढरी लव. तेव्हापासून माल गार झाला की काचेच्या बरणीत पाऊण भरतो, आठ-दहा दिवस ठेवतो आणि रोज हलवतो. कमी-जास्त वाळलेल्या चकत्यांची ओल एकमेकींत वाटली जाते. बरणीला आतून दव दिसलं, तर सगळा माल परत ड्रायरला. शिवाय चकती मधोमध फाडून बघा: फाटल्या जागी दाबल्यावर ओल दिसता कामा नये, चकती चामड्यासारखी वाकली पाहिजे.

कैरीला एवढा व्याप नाही, आणि खरं सांगायचं तर नव्या गटाने सुरुवात आंबोशीनेच करावी. बांधावरची रायवळ झाडं आहेतच, आणि एप्रिलच्या वावटळीत खाली पडलेल्या कैऱ्या कोणी मोजत नाही. त्या त्याच दिवशी उचला, मार लागलेला काळा भाग कापून टाका. कोय कडक व्हायच्या आतली कैरी कापायला सोपी जाते. सुरी स्टीलची घ्या. लोखंडी विळीने फोडी काळ्या पडतात. सोलून पातळ फोडी करा, मीठ चोळा, वरून पातळ कापड बांधून कडक उन्हात चार-पाच दिवस ठेवा. फोड कट्‌कन मोडली की झाली. तीच दळली की आमचूर.

विकायचा असेल तर अन्न परवान्याची नोंदणी आधी करा. पाकिटावर वजन, तारीख आणि घटक लिहा. साखर घातली असेल तर तीही लिहा. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीच्या केंद्राच्या योजनेत यंत्रासाठी कर्जाशी जोडलेलं ३५ टक्के अनुदान ठरवलेलं होतं, कमाल १० लाख रुपये. यंदा अर्ज घेतायत का, हे तालुका कृषी कार्यालयात जाऊन विचारा.

माल शक्यतो मेअखेर विकून मोकळे व्हा. सुरगाण्याचा पाऊस एकदा लागला की बरणी उघडायला कोरडा दिवस मिळत नाही. जो राहील तो घट्ट झाकणाच्या डब्यात, जमिनीपासून वर फळीवर ठेवा, आणि दर पंधरा दिवसांनी एक पाकीट फोडून वास घ्या.