तिसरा दिवस परातीत शिकवताना

बायबलच्या उत्पत्ती या पुस्तकातल्या पहिल्या अध्यायातला सृष्टीनिर्मितीचा तिसरा दिवस चर्चच्या संडे स्कूलमध्ये घाईत उरकला जातो. खरं तर देवाने ‘चांगलं आहे’ असं दोनदा पाहिलेला तो पहिला दिवस. कोल्हापुरात मी हा धडा परातीत शिकवते. तुम्हीही करून बघा.

जुनी खोल परात, नदीकाठची काळी माती, तांब्याभर पाणी, एक वरवंटा, मूठभर मेथी आणि शनिवारी रात्री भिजत घातलेले हरभरे. माती ओली करून एका बाजूला उंच, दुसरीकडे पातळ अशी थापटून बसवा. मग कडेकडेने पाणी सोडा, माती पूर्ण दिसेनाशी होईपर्यंत.

आता एका मुलाला ९ वं वचन (पाणी एकत्र होवो, कोरडी भूमी दिसो) वाचायला लावा आणि माती उंच आहे त्या बाजूने परातीखाली वरवंटा सरकवा. अगदी हळू. पहिल्या वर्षी मी हिसका दिला आणि कोरडी भूमी सतरंजीवर आली! सावकाश केलंत तर पाणी एका बाजूला गोळा होतं, माती वर निघते आणि वर्ग गप्प होतो. तुम्हीही गप्प राहा. नंतर विचारा, ‘नवीन काय आलं?’ काहीच नाही. जमीन खालीच होती, पाण्याने जागा सोडली.

पेरण्याआधी साठलेलं पाणी वाटीने उपसा, नाहीतर हरभरा कुजतो. ११ व्या वचनात देव हुकूम भूमीलाच सोडतो, उगवायला. म्हणून बी मुलांनीच टाकायचं, आपण हात लावायचा नाही. ‘आपापल्या जातीप्रमाणे’ समजावायला मेथी एका ओळीत, हरभरा दुसऱ्या ओळीत. पुढच्या रविवारपर्यंत दोन्ही ओळखू येतात. त्याच वचनात बी असलेल्या फळाचा उल्लेख आहे, त्यासाठी सीताफळ आणा, बिया मोजण्यात मुलं रमतात. मी एकदा स्वस्त म्हणून केळी नेली होती. ‘टीचर, ह्यात बी कुठाय?’

सूर्य चौथ्या दिवशी, मग झाडं कशी उगवली, हा प्रश्न येणारच. थोडी मेथी डब्यात अंधारात ठेवा. तीही रुजते, कारण बीमध्ये शिदोरी असते, फक्त कोंब पिवळट राहतो. पण याला पुरावा म्हणू नका. मुलं हुशार असतात, पिवळा कोंब त्यांनाही दिसतो.

अवघड प्रश्न वेगळाच. स्तोत्र १०४ मध्ये आहे की देवाने पाण्याला हद्द घातली. ते वाचल्यावर एक मुलगा म्हणाला, ‘मग २०१९ ला पाणी आमच्या घरात कसं आलं?’ आमची पंचगंगा नदी तेव्हा, जिथे तिची पातळी मोजतात त्या राजाराम बंधाऱ्यावर, ५५ फुटांच्या वर गेली होती. इथे तयार उत्तर देऊ नका. मी एवढंच म्हणाले, की हे मलाही देवाला विचारायचंय, आणि स्तोत्रं लिहिणारेही असंच विचारायचे. मग पूर ओसरल्यावर त्याच्या घरात आधी काय दिसलं, ते त्यालाच सांगू दिलं. ‘चुलीचा कट्टा,’ तो म्हणाला. बाकीची मुलं परातीकडे बघायला लागली.

जाताना त्याने परातीच्या आतल्या कडेला खडूने दोन रेघा ओढल्या. खालची ३९ फूट, नदीची इशारा पातळी. वरची ४३ फूट, धोका पातळी. दर वर्षी खडू पुसला जातो. मी पाणी ओतायच्या आधी त्या पुन्हा काढते.