प्रवाहाचा हिशेब धरून सागरी नकाशावर मार्ग आखताना या चुका टाळा

सागरी नकाशावर निघण्याचे आणि पोहोचण्याचे ठिकाण जोडणारी रेघ कोणालाही ओढता येते. त्या रेघेवरून नाव प्रत्यक्ष नेण्यासाठी सुकाणूवर कोणती दिशा द्यायची, हे काढणे मात्र वेगळे काम आहे, कारण नाव पाण्यातून चालत असते आणि ते पाणी स्वतः तळावरून सरकत असते. या कामात होणाऱ्या चुका वरवर निरनिराळ्या दिसल्या, तरी बहुतेकींच्या मुळाशी एकच गोंधळ आढळतो, तो म्हणजे पाण्याच्या संदर्भात मोजलेल्या आणि जमिनीच्या संदर्भात मोजलेल्या गोष्टींची सरमिसळ. लॉगवरचा, म्हणजे पाण्यातून चालण्याचा वेग मोजणाऱ्या यंत्रावरचा, वेग आणि नावेच्या नाळेची (पुढच्या टोकाची) दिशा पाण्याच्या संदर्भातली असते. नकाशावरची रेघ, जीपीएसचा वेग आणि जीपीएसने दाखवलेली प्रवासाची दिशा जमिनीच्या संदर्भातली असते. प्रवाहाची रेघ या दोहोंना जोडते. पेन्सिल उचलण्यापूर्वी हातातला आकडा यांपैकी कोणत्या बाजूचा आहे, हा प्रश्न दर वेळी विचारावा.

चुका नीट कळण्यासाठी एक उदाहरण शेवटपर्यंत सोबत ठेवू. ‘अ’ पासून ‘ब’ बरोबर पूर्वेस, म्हणजे ०९० अंशांवर, १० सागरी मैल आहे. नावेचा पाण्यातून वेग ६ नॉट, म्हणजे तासाला ६ सागरी मैल, आहे आणि प्रवाह १८० अंशांकडे २ नॉटने वाहतो आहे. प्रथम ‘अ’ पासून ‘ब’ कडे रेघ ओढून ती ‘ब’ च्या पलीकडेही वाढवावी. मग ‘अ’ पासूनच प्रवाहाची एका तासाची रेघ दक्षिणेकडे २ मैल काढावी. तिच्या टोकाला ‘क’ म्हणू. ‘क’ वर कर्कटकाचे टोक रोवून ६ मैलांच्या त्रिज्येचा कंस काढावा आणि तो मूळ रेघेला जिथे छेदेल तिथे ‘ड’ लिहावे. ‘क’ पासून ‘ड’ ची दिशा, म्हणजे जवळपास ०७१ अंश, ही पाण्यातून चालण्याची खरी, म्हणजे भौगोलिक उत्तरेपासून मोजलेली, दिशा होय. ‘अ’ ते ‘ड’ हे अंतर सुमारे ५.७ मैल भरते. तो जमिनीवरचा वेग असल्यामुळे १० मैलांना सुमारे १ तास ४६ मिनिटे लागतील. पाण्यातल्या मार्गावर एक बाण, जमिनीवरच्या मार्गावर दोन आणि प्रवाहाच्या रेघेवर तीन बाण काढण्याची रूढ पद्धत आहे. ती आळसाने सोडू नये. कोणती बाजू कशाची, हे नंतर आकृतीकडे पाहताच ओळखता येते.

त्रिकोणातल्या चुका

सर्वांत जास्त आढळणारी आणि सर्वांत फसवी चूक म्हणजे कंस न काढता ‘क’ पासून थेट ‘ब’ ला रेघ जोडणे. आकृती नीटनेटकी दिसते, त्रिकोण बंद होतो आणि उत्तरही पटण्याजोगे येते, म्हणून ही चूक डोळ्यांतून सुटते. वरच्या उदाहरणात अशी रेघ ०७९ अंश दाखवते. त्या दिशेने नाव चालवली, तर ‘ब’ च्या रेखावृत्तावर पोहोचेपर्यंत ती त्याच्या दक्षिणेस सुमारे १.४ मैल गेलेली असेल. याउलट ‘ब’ फक्त ४ मैलांवर असते, तर याच चुकीच्या रेघेने ०६३ अंश दाखवले असते आणि नाव सुमारे अर्धा मैल उत्तरेस निघाली असती. म्हणजे चूक कधी एका बाजूला नेते तर कधी दुसऱ्या, आणि अनुभवाने ठोकताळा बांधून ती सुधारताही येत नाही. कारण उघड आहे: ‘क-ब’ या रेघेची लांबी नावेच्या तासाभराच्या चालीइतकी नसते, त्यामुळे त्रिकोणाची एक बाजू तासाची आणि दुसरी भलत्याच कालावधीची होते. तिन्ही बाजू एकाच कालावधीच्या असल्या पाहिजेत. अंतर फार कमी असेल तर अर्ध्या तासाचा त्रिकोण काढावा. तेव्हा प्रवाह १ मैल आणि त्रिज्या ३ मैल घ्यावी. ‘ड’ हा बिंदू ‘ब’ च्या अलीकडे पडो की पलीकडे, त्याने काही बिघडत नाही.

दुसरी चूक प्रवाहाच्या दिशेची आहे. वारा ज्या दिशेकडून येतो तिच्या नावाने ओळखला जातो, तर प्रवाह ज्या दिशेकडे जातो तिच्या नावाने. रोज वाऱ्याच्या भाषेत विचार करणारा माणूस १८० अंशांचा प्रवाह दक्षिणेकडून येणारा समजतो, प्रवाहाची रेघ उत्तरेकडे काढतो आणि सुकाणूला १०९ अंश देतो. मग प्रवाहाची २ मैलांची ओढ आणि चुकीच्या दुरुस्तीचे २ मैल एकाच बाजूला पडतात आणि ‘ब’ च्या रेखावृत्तावर पोहोचेपर्यंत नाव तब्बल ७ मैल दक्षिणेस जाते. यावर साधी तपासणी आहे: काढलेली दिशा प्रवाहाच्या वरच्या अंगाला, म्हणजे तो जिकडून येतो आहे तिकडे, कललेली असलीच पाहिजे.

तिसरी चूक कंसाच्या त्रिज्येत होते. त्रिज्येसाठी लॉगवरचा वेग हवा. अनेक जण समोर दिसतो म्हणून जीपीएसचा वेग घेतात. त्या वेगात प्रवाह आधीच मिसळलेला असल्यामुळे तो दोनदा मोजला जातो. कंस मूळ रेघेला छेदतच नसेल, तर आकृती चुकलेली असेलच असे नाही. प्रवाहाचा रेघेला आडवा जोर नावेच्या वेगापेक्षा जास्त असला की त्या वेळी त्या रेघेवरून जाणे शक्यच नसते. अशा वेळी कागदावर खटपट करण्यापेक्षा निघण्याची वेळ बदलावी.

अंतर मोजण्याबाबत थोडक्यात सांगतो. अंतर नेहमी नकाशाच्या डाव्या किंवा उजव्या कडेवरच्या अक्षांशांच्या मापावर घ्यावे. अक्षांशाचे एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, १,८५२ मीटर. वरच्या किंवा खालच्या कडेवरचे रेखांशांचे माप अंतरासाठी चालत नाही. मर्केटर प्रक्षेपणात (गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवण्याच्या एका पद्धतीत) माप अक्षांशानुसार बदलत जाते, म्हणून डिव्हायडर आपल्या मार्गाच्या समोरच्याच पट्ट्यात लावावा.

भरती-ओहोटीच्या वेळेतल्या चुका

त्रिकोण अचूक असूनही नाव भलतीकडे जाते, तेव्हा प्रवाहाचा आकडा चुकीच्या तासाचा असण्याची शक्यता सर्वाधिक असते. नकाशावर ठिकठिकाणी चौकटीतली अक्षरे असतात आणि त्याच अक्षरांखाली कोष्टकात प्रवाहाची दिशा व वेग दिलेला असतो. ही माहिती एखाद्या प्रमाण बंदरातल्या पूर्ण भरतीच्या आधीच्या आणि नंतरच्या तासांना बांधलेली असते. इथे तीन ठिकाणी पाय घसरतो. पहिले म्हणजे बंदर: कोष्टकाच्या डोक्यावर ज्या बंदराचे नाव आहे त्याच बंदराची भरतीची वेळ लागते, आपण निघतो त्या बंदराची चालत नाही. दुसरे म्हणजे घड्याळ: भरतीचे तक्ते बहुधा प्रमाणवेळेत असतात, त्यामुळे उन्हाळी वेळ लागू असलेल्या ठिकाणी एक तास मिळवायचा राहून जातो आणि प्रवाह पालटण्याच्या सुमारास तेवढ्यानेही सगळा हिशेब उलटा होतो.

तिसरी बाब सूक्ष्म आहे आणि जाणत्या लोकांकडूनही सुटते. ‘भरतीनंतर ३ तास’ या रकान्यातला आकडा त्या क्षणाच्या अर्धा तास आधीपासून अर्धा तास नंतरपर्यंतच्या प्रवाहासाठी वापरायचा असतो. पूर्ण भरती १२ वाजता असेल, तर हा रकाना १४:३० ते १५:३० या काळासाठी लागू पडतो. आपण १५ वाजता निघालो, तर पहिल्या तासासाठी अर्धा तास याच रकान्याचा आणि अर्धा तास पुढच्या रकान्याचा प्रवाह धरावा लागतो. पुढचा रकाना उलट दिशा दाखवत असेल, तर हा फरक किती मोठा आहे ते लगेच ध्यानात येईल.

प्रवाहाच्या वेगाचे आकडे उधाणासाठी (भरती-ओहोटीतला फरक सर्वांत मोठा असतो तेव्हासाठी) आणि भांगासाठी (तो सर्वांत लहान असतो तेव्हासाठी) वेगवेगळे दिलेले असतात. त्या दिवशी भरती-ओहोटीतला फरक दोहोंच्या नेमका मधोमध असेल आणि कोष्टकात उधाणाचे २.४ व भांगाचे १.२ नॉट असतील, तर १.८ नॉट घ्यावे. सोयीसाठी मोठा आकडा घेणे ही सावधगिरी ठरत नाही, कारण गरजेपेक्षा जास्त दुरुस्ती केली की नाव दुसऱ्या बाजूच्या धोक्याकडे जाते.

होकायंत्रापर्यंत पोहोचताना

त्रिकोणातून मिळालेले ०७१ अंश ही खरी दिशा आहे; सुकाणूवरच्या माणसाला होकायंत्रावरचा आकडा द्यायचा असतो. मधल्या दुरुस्त्यांचा क्रम पाळावा. वाऱ्याने नाव आडवी घसरत असेल, तर ते अंश आधी वाऱ्याच्या दिशेने वळवून द्यावेत: वारा उत्तरेचा आणि घसरण ५ अंश असेल, तर ०७१ चे ०६६ होतील. नंतर चुंबकीय दिक्पात, म्हणजे खरी उत्तर आणि चुंबकीय उत्तर यांतला फरक, लावावा. तो पश्चिमेचा असेल तर खऱ्या दिशेत मिळवावा, पूर्वेचा असेल तर वजा करावा. दिक्पात नकाशावरच्या दिशाचक्रात छापलेला असतो, पण तो एका विशिष्ट वर्षाचा असतो आणि शेजारी वार्षिक बदल दिलेला असतो. हा बदल ६ मिनिटांचा असला, तरी पंधरा वर्षांत दीड अंश होतो.

शेवटी विचलन, म्हणजे नावेवरच्या लोखंडामुळे आणि उपकरणांमुळे होकायंत्रात येणारी चूक. विचलन नावेची नाळ कोणत्या दिशेला आहे यावर ठरते. त्यामुळे विचलनाच्या तक्त्यात नाळेची चुंबकीय दिशा घेऊन पाहावे, नकाशावरच्या रेघेची दिशा घेऊन पाहू नये. वारा नाही असे धरून आपल्या उदाहरणात दिक्पात ४ अंश पश्चिम असेल, तर ०७१ चे ०७५ होतील, आणि विचलन ०७५ च्या ओळीत पाहायचे, ०९० च्या ओळीत नाही. तिथे २ अंश पूर्व असेल, तर होकायंत्रावर ०७३ द्यावे. दिक्पाताचे चिन्ह उलटे लागले, तर एका झटक्यात ८ अंशांची चूक होते आणि १० मैलांत नाव सुमारे १.४ मैल बाजूला जाते.

रेघेला चिकटून राहण्याचा हट्ट

लांबच्या मार्गावर प्रवाह तासागणिक बदलतो. १२ मैलांच्या पूर्वेकडच्या मार्गावर पहिल्या तासात २ नॉट दक्षिणेकडे आणि दुसऱ्या तासात दीड नॉट उत्तरेकडे प्रवाह आहे असे समजा. दर तासाला वेगळी दिशा देऊन रेघेवर राहण्याचा प्रयत्न केला, तर दोन तासांत सुमारे साडेअकरा मैल होतात. दोन्ही तासांचे प्रवाह एकामागून एक जोडून दोन तासांचा एकच त्रिकोण काढला, तर निव्वळ सरकणे अर्धा मैल दक्षिणेकडे निघते, त्रिज्या १२ मैलांची होते आणि सबंध प्रवासाला जवळपास ०८८ ही एकच दिशा पुरते. दोन तासांत जवळजवळ पूर्ण अंतर कापले जाते. मात्र पहिल्या तासाच्या अखेरीस नाव रेघेच्या दक्षिणेस सुमारे पावणेदोन मैल असेल. त्या पट्ट्यात खडक, उथळ जागा किंवा जहाजांचा मार्ग आहे का, हे निघण्यापूर्वी नकाशावर पाहिलेच पाहिजे. माझ्या मते मोकळ्या पाण्यात एकच दिशा श्रेयस्कर, आणि दोन्ही बाजूंना धोका असलेल्या अरुंद वाटेत रेघेवर राहणेच योग्य.

याची उलट टोकाची चूक जीपीएसमुळे होते. पोहोचण्याचा बिंदू यंत्रात भरून, यंत्र दाखवेल त्या दिशेकडे नाळ वळवत राहिले, तर प्रवाह नावेला दक्षिणेकडे ढकलत जातो, बिंदूची दिशा ०९० वरून ०८५, ०८० अशी सरकत जाते आणि नाव वळणदार वाटेने खाली उतरून अखेरीस प्रवाहाला तोंड देत ‘ब’ कडे चढते. वेळ तर जातोच, पण न तपासलेल्या पाण्यातूनही जावे लागते. यंत्र वापरावे, पण प्रवासाची प्रत्यक्ष दिशा आखलेल्या रेघेशी जुळवून ठेवण्यासाठी.

नाव रेघेवर नाही असे आढळल्यास

निघाल्यानंतर नियमित अंतराने स्थान निश्चित करून नकाशावर टाकावे. ८ सप्टेंबर १९२३ च्या रात्री अमेरिकी नौदलाच्या विनाशिकांचा ताफा २० नॉटने कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळून दक्षिणेकडे जात होता. वेग, वेळ आणि दिशा यांवरून काढलेल्या स्थानावर भिस्त ठेवून ताफा पूर्वेकडे वळला, आणि होंडा पॉइंटच्या खडकांवर आदळून सात विनाशिका गेल्या. २३ नौसैनिक मरण पावले. किनाऱ्यावरच्या रेडिओ केंद्राकडून आलेल्या दिशा हिशेबाशी जुळत नव्हत्या आणि त्यांवर विश्वास ठेवला गेला नाही. हिशेब आणि निरीक्षण यांत तफावत दिसली, तर ती आपल्याला मिळालेली सर्वांत मोलाची माहिती असते.

ती वाचण्याची पद्धत अशी. फक्त होकायंत्र आणि लॉग यांवरून काढलेल्या स्थानापासून त्याच वेळेच्या निश्चित स्थानापर्यंत रेघ ओढावी. तिची दिशा आणि लांबी म्हणजे त्या काळात नावेला बसलेली एकूण ओढ. ही ओढ कोष्टकातल्या प्रवाहाशी जुळत असेल, तर चूक त्रिकोणात आहे. तफावत मार्गाच्या पुढे किंवा मागे असेल, तर लॉगचे चक्र शेवाळाने अडले आहे का ते पाहावे. आडव्या बाजूला असेल, तर संशय प्रवाहावर आणि होकायंत्रावर सारखाच येतो. त्यांना वेगळे करण्याचा उपाय म्हणजे मोठे वळण घेतल्यानंतर पुन्हा मोजणे: प्रवाहाचा आकडा चुकला असेल, तर नाव पूर्वीप्रमाणेच त्याच भौगोलिक दिशेकडे ढकलली जाते, होकायंत्राची दुरुस्ती चुकली असेल, तर नाव नव्या मार्गाच्याही त्याच हाताला, डाव्या असेल तर डाव्याच, सरकते. मात्र विचलन नाळेच्या दिशेनुसार बदलत असल्यामुळे दुसऱ्या वेळी सरकण्याचे प्रमाण वेगळे असू शकते. कारण हाती लागले की नवा त्रिकोण निश्चित केलेल्या स्थानापासून ‘ब’ कडे, मोजलेल्या ओढीचा आकडा घेऊन काढावा. जुन्या रेघेवर परतण्याचा प्रयत्न करू नये, आणि मधल्या नव्या पाण्यातली खोली व धोके त्याच वेळी नकाशावर तपासून घ्यावेत.