एचएल-६० पेशी एटीआरएने परिपक्व करणे: खानदेशातल्या लॅबसाठी कृती

रावेर-यावलचा केळीवाला घड पिकला की सडला, हे हात लावून सांगतो. ल्युकेमियाच्या (रक्ताच्या कर्करोगाच्या) पेशींवर रसायन टाकल्यावर त्या परिपक्व झाल्या की नुसत्याच मेल्या, हे असं हाताला कळत नाही. एमएस्सीचे बरेच प्रोजेक्ट तिथेच घसरतात. म्हणून ही कृती तो फरक डोळ्यासमोर ठेवून लिहिली आहे.

ल्युकेमियाच्या पेशी अर्धवट वयात अडकतात आणि तशाच विभागत राहतात. ऑल-ट्रान्स रेटिनोइक आम्ल, म्हणजे एटीआरए, त्यांना पुढच्या टप्प्यावर ढकलतं. १९८० साली हे एचएल-६० वर, म्हणजे एका रुग्णाच्या ल्युकेमियातून घेऊन लॅबमध्ये वाढवत ठेवलेल्या पेशींवर, दाखवलं गेलं. तेव्हा १ मायक्रोमोलरला सुमारे ९० टक्के पेशी न्यूट्रोफिलसारख्या (परिपक्व पांढऱ्या रक्तपेशींसारख्या) झाल्या होत्या. १९८८ मध्ये शांघायहून अ‍ॅक्यूट प्रोमायलोसायटिक ल्युकेमियाच्या २४ रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध झाला आणि तिथून हे औषध दवाखान्यात आलं. एक गोष्ट मात्र व्हायव्हात हमखास विचारतात: या आजारातलं पीएमएल-आरएआरए हे जोडजनुक एचएल-६० मध्ये नसतं, ते एनबी४ या दुसऱ्या ल्युकेमिया-पेशींमध्ये असतं. तेव्हा एचएल-६० वरचा निकाल रुग्णाला जसाच्या तसा लावू नका.

पेशी आणणे. पुण्याच्या एनसीसीएसच्या (राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या) पेशीभांडारातून एचएल-६० मिळतात. वाढता फ्लास्क हाती आणायचा असेल तर तो माध्यमाने तोंडापर्यंत भरून, झाकण घट्ट करून, पॅराफिल्म लावून थर्माकोलच्या डब्यात ठेवा आणि रात्रीच्या महाराष्ट्र एक्स्प्रेसने या. मे महिन्यात दुपारच्या एसटीने आणलेल्या पेशी जळगावला पोचेपर्यंत उकडलेल्या असतात. बर्फ थेट फ्लास्कला टेकू देऊ नका. आल्याबरोबर ५-६ कुप्या गोठवून ठेवा, कारण महिनोन्महिने पासेज करत (नव्या माध्यमात पुन्हा पुन्हा वाढवत) राहिलं की पेशी एटीआरएला नीट दाद देईनाशा होतात.

माध्यम: आरपीएमआय-१६४० मध्ये १० टक्के एफबीएस (गाईच्या गर्भाचं सीरम). संख्या १ लाख ते १० लाख प्रति मिली यांच्यामध्येच ठेवा. पेशी तरंगत्या असतात, ट्रिप्सिन लागत नाही. दुप्पट व्हायला ३६ ते ४८ तास घेतात. मायकोप्लाझ्माची (पेशींत लपून वाढणाऱ्या जीवाणूंची) तपासणी प्रयोगाआधी करा, नंतर नाही.

उन्हाळा. साधा सीओ२ इन्क्युबेटर गरम करतो, थंड करत नाही. भुसावळ-जळगावात बाहेर ४४-४५ अंश आणि खोलीतच ३८ असेल, तर सेटिंग ३७ वर असूनही आतलं तापमान वर चढतं, आणि पेशी तापल्या की मरण वाढतं. खोली एसीने ३० च्या खाली ठेवा. आत वेगळा थर्मामीटर ठेवून रोज सकाळ-दुपार नोंद करा. पाण्याचा ट्रे एप्रिल-मेमध्ये रोज बघावा लागतो, सुकला की माध्यम आटून मीठ वाढतं. लाइट गेली तर इन्क्युबेटरचं दार उघडू नका. हिवाळ्याची गंमत उलटी: डीएमएसओ हा द्रावक साडेअठरा अंशाला गोठतो, डिसेंबरच्या सकाळी बाटली दगड झालेली सापडते. कोमट पाण्यात वितळवा, खराब झालेला नसतो.

एटीआरएचा स्टॉक. ३ मिग्रॅ तोलण्याचा खटाटोप करू नका, काट्यावर तेवढं नीट येत नाही. ५० मिग्रॅची कुपी घेऊन तीत एकूण १६.६ मिली डीएमएसओ घाला, १० मिलीमोलर झालं. छोट्या नळ्यांत वाटून, फॉइल गुंडाळून, उणे ८० ला ठेवा. वितळवलेली नळी परत गोठवायची नाही. हूडचा दिवा बंद करून खोलीच्या मंद उजेडात काम करा. उजेडात रेणूचं रूप बदलतं आणि मग 'औषध चाललं नाही' असं वाटतं. गरोदर असलेल्या किंवा तशी शक्यता असलेल्या व्यक्तीने याला हात लावू नये, गर्भाला धोका असतो.

वापरायच्या दिवशी १०० मायक्रोलिटर स्टॉकमध्ये ९०० मायक्रोलिटर शुद्ध इथेनॉल घालून १ मिलीमोलर करा.

मांडणी. टी-२५ चे तीन फ्लास्क घ्या. प्रत्येकात १० मिली, २ लाख पेशी प्रति मिली, जिवंतपणा ९० टक्क्यांच्या वर.

पहिल्यात १० मायक्रोलिटर द्रावक, म्हणजे ९० टक्के इथेनॉल व १० टक्के डीएमएसओ. दुसऱ्यात १० मायक्रोलिटर एटीआरए, अंतिम १ मायक्रोमोलर. तिसऱ्यात १३० मायक्रोलिटर डीएमएसओ, म्हणजे १.३ टक्के.

तिसरा फ्लास्क का, असं विचाराल तर डीएमएसओ स्वतःच एचएल-६० ला परिपक्व करतो. इथेच मोठी चूक होते: एटीआरए डीएमएसओमध्येच फार पातळ करून १० मिलीत १०० मायक्रोलिटर टाकला की १ टक्का डीएमएसओ गेला. मग निकाल कुणाचा, हे सांगता येत नाही.

तिसऱ्या दिवशी २०० जी वर ५ मिनिटं फिरवून ताजं माध्यम आणि ताजं रसायन द्या. पहिल्या फ्लास्कमध्ये दाटी होते, तो परत २ लाखांवर आणा. पाचव्या दिवशी मोजणी. सातव्याच्या पुढे नेऊ नका, परिपक्व पेशी आपोआप मरू लागतात.

पिकलं की सडलं. ट्रायपॅन ब्लूने (हा रंग मेलेल्या पेशीतच शिरतो) मोजल्यावर, पहिला फ्लास्क पातळ केल्याचा हिशोब धरून, दुसऱ्या फ्लास्कमध्ये संख्या पहिल्यापेक्षा बरीच कमी, पण जिवंतपणा चांगला, असं दिसायला हवं. विभागणी थांबली, मरण वाढलं नाही. जिवंतपणाही कोसळला असेल तर ते विभेदन (परिपक्व होणं) नव्हे, विषबाधा.

मग एनबीटी, म्हणजे परिपक्व पेशी रंगाने ओळखायची चाचणी. ५ लाख पेशी अर्धा मिली माध्यमात घ्या. पीबीएसमध्ये (मिठाच्या बफर द्रावणात) एनबीटी २ मिग्रॅ प्रति मिली आणि पीएमए (पेशीला चेतवणारं रसायन) ४०० नॅनोग्रॅम प्रति मिली असं द्रावण करून अर्धा मिली मिसळा. ३७ अंशाला ३० मिनिटं, नंतर बर्फावर. २०० पेशी मोजा. परिपक्व पेशी सुपरऑक्साइड सोडते, त्याने पिवळा एनबीटी निळा-काळा पडतो. एक नळी पीएमएशिवाय ठेवा, तीत निळं जवळजवळ दिसू नये.

ट्रायपॅन ब्लू आणि एनबीटी एकाच नळीत कधीही नको, दोन्ही निळेच. ४०एक्सखाली एनबीटीची पेशी आत काळसर रवाळ गोळे असलेली दिसते. ट्रायपॅनची मेलेली पेशी सपाट, एकसारखी फिकट निळी असते. सोबत लिशमनच्या रंगाची स्लाइड कराच: आधीचं गोल, मोठं केंद्रक आता वाकलेलं किंवा खंडित दिसेल.

पीएमए ट्यूमर वाढवणारं रसायन आहे, दोन हातमोजे घाला. पेशींचा कचरा ब्लीचच्या १० टक्के द्रावणात अर्धा तास ठेवून मग टाका. पीएमए मिसळलेलं द्रव वेगळ्या बाटलीत, लेबल लावून.